जुन्या पुस्तकात ‘आर्क्टिडी’, ॲपवर ‘आर्क्टिनी’: टायगर मॉथचं कुळ नक्की कोणतं?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. एरंडाजवळ सापडलेल्या पतंगाचा फोटो तुम्ही ॲपवर टाकलात, तिथे ‘कुळ एरेबिडी, उपकुळ आर्क्टिनी, ओलेपा’ असं उत्तर आलं. वडिलांच्या कॉलेजच्या पुस्तकात तशाच चित्राखाली ‘कुळ आर्क्टिडी, पेरिकॅलिया रिसिनी’ असं छापलंय. यातलं चूक कोणतं, ही नावं सारखी का बदलतात आणि नोंदवहीत काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय.

चूक कोणतंच नाही. पुस्तक छापलं गेलं तेव्हा ते बरोबरच होतं. पण कुळाचं नाव बदलणं आणि प्रजातीचं नाव बदलणं या दोन अगदी वेगळ्या भानगडी आहेत. पहिली ऐकायला मोठी वाटते, पण तिच्यात फारसं काही हललेलं नाही. खरी उलथापालथ दुसरीत आहे.

आधी शब्दांचं बघू. प्राण्यांच्या कुळाच्या नावाला ‘इडी’ हा प्रत्यय लागतो, उपकुळाला ‘इनी’. उपकुळाच्या खाली जमात असते, तिचाही प्रत्यय देवनागरीत लिहिताना ‘इनी’च होतो आणि गोंधळ उडतो, म्हणून मी जमातीला ‘इनाय’ लिहिते. प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रवाले सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ लिहितात तेव्हा दहापैकी नऊ वेळा ती जाती असते.

म्हणजे आर्क्टिडीचं आर्क्टिनी झालं याचा अर्थ इतकाच, की टायगर मॉथचा गट तोच राहिला, त्याचा हुद्दा एका पायरीने उतरला. गटाचा कर्ताही तोच राहतो. लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये हे नाव दिलं. नियमाप्रमाणे कुळ, उपकुळ, जमात यांपैकी कुठल्याही पातळीवर ते वापरलं तरी कर्ता लीच आणि साल १८१५ हेच लागतं. मूळ शब्द ‘आर्क्टोस’, ग्रीकमध्ये अस्वल. सुरवंट बघितलात की नाव पटतं.

आता हुद्दा का उतरला? हॅम्पसन नावाचा माणूस निलगिरीत चहाच्या मळ्यावर आला आणि पतंगांच्या नादी लागला. ब्रिटिश इंडियाच्या प्राणीसृष्टीवरच्या मालिकेत त्याने पतंगांचे चार खंड लिहिले, १८९२ ते १८९६. आपल्याकडचे लोक अजूनही ओळख पटवताना त्यांच्याकडे वळतात. त्याच्या दुसऱ्या खंडात आर्क्टिडी हे स्वतंत्र कुळ आहे. ते ठरलं मुख्यतः पंखांच्या शिरांवरून.

शिरा बघायला फार सामान लागत नाही. मेलेल्या पतंगाचा मागचा पंख पांढऱ्या बशीत ठेवायचा आणि बारीक ब्रशने त्यावर स्पिरिटचा थेंब सोडायचा. खवल्यांचा रंग क्षणभर विरतो आणि ओल्या कागदामागचं लिखाण दिसावं तशा शिरा दिसायला लागतात. स्पिरिट उडालं की पुन्हा गुलाबी पंख. मधल्या मोठ्या कोष्ठाच्या (शिरांनी वेढलेल्या जागेच्या) खालच्या कडेकडून किती शिरा फुटल्यासारख्या दिसतात ते मोजायचं. ओलेपात चार मोजता येतात. लष्करी अळीच्या पतंगाचा पंख घेतला तर तीनच ठळक दिसतात, चौथी पुसट असते. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा चार-पाचदा स्पिरिट घालावं लागलं आणि शेवटी शिंक येऊन पंखच उडाला, तो भाग सोडा.

चार शिरांचे पतंग आर्क्टिडीतच असते तर प्रश्न नव्हता. पण पूर्वीच्या नॉक्ट्युइडी या अवाढव्य कुळातले कितीतरी पतंगही चार शिरांचे होते. म्हणजे त्या कुळात तीनवाले आणि चारवाले एकत्र कोंबलेले, आणि चारवाल्यांतलेच काही बाहेर काढून त्यांना आर्क्टिडी, लिमँट्रिडी अशी वेगळी कुळं दिलेली. हे खटकत होतं, पण नुसत्या शिरांवरून निकाल लागत नव्हता. २००५ मध्ये फिबिगर आणि लाफोंतेन यांनी चारवाल्यांना एरेबिडी म्हणून वेगळं केलं, आर्क्टिडी मात्र कुळ म्हणून ठेवलं. पुढच्याच वर्षी याच दोघांनी उलट मांडणी केली आणि सगळ्यांना एकाच नॉक्ट्युइडीत घातलं, आर्क्टिनीसकट. एका वर्षात दोन मांडण्या! त्या काळात यादी करणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असणार.

२०११ मध्ये रझा झाहिरी आणि सहकाऱ्यांनी आठ जनुकं आणि दीडशेच्या आसपास जाती घेऊन वंशवृक्ष काढला, पुढच्या वर्षी एरेबिडीचा वेगळा आणि सविस्तर. त्यात दिसलं, की आर्क्टिनीचे सर्वांत जवळचे नातेवाईक हर्मिनिनी आणि अगनायनी हे गट आहेत. हर्मिनिनी तर आधीच्या याद्यांत नॉक्ट्युइडीत बसलेली. भावकीच्या भाषेत सांगायचं, तर एकाच पणजोबांची नातवंडं-पतवंडं मांडून ठेवली, त्यात मधल्याच एका काकांचं घर ‘हे वेगळं कूळ’ म्हणून बाजूला काढलं आणि उरलेल्यांना ‘हे एक कुटुंब’ म्हटलं. तसं चालत नाही. एक तर सगळी भावकी एक धरा, नाही तर प्रत्येक घर वेगळं करा. दुसरं केलं असतं तर दीड डझनाच्या आसपास कुळं झाली असती. म्हणून पहिलं केलं. नॉक्ट्युइडीचा तीन शिरांचा गट वेगळा राहिला, एरेबिडी मोठं झालं आणि आर्क्टिनी त्यात उपकुळ म्हणून आली. तेव्हापासून ही मांडणी बऱ्यापैकी टिकली आहे.

पण आर्क्टिनी हा गट म्हणून फुटला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अकरा हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि तरी त्या एकाच घराण्यातल्या निघाल्या. मादीच्या पोटाच्या टोकाशी गंध सोडणाऱ्या नळीसारख्या ग्रंथींची जोडी ही त्यांची घराण्याची खूण. दुसरी गंमत छातीत. पुष्कळ जातींच्या छातीच्या बाजूला पातळ पापुद्र्यासारखी तबकडी असते, ती आत-बाहेर वाकवून पतंग आपल्याला ऐकू न येणारे टिकटिक आवाज काढतात. वटवाघळाला तो इशारा कळतो, की हा घास कडू आहे. ॲरिझोनातला बर्थोल्डिया ट्रायगोना तर वटवाघळाच्या प्रतिध्वनींतच गोंधळ घालतो, हे २००९ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं.

उपकुळाच्या आत ढोबळमानाने तीन मोठ्या जमाती: आर्क्टिनाय, लिथोसिनाय, सिंटोमिनाय. लिथोसिनाय म्हणजे दगडफुलावर वाढणाऱ्या, तेच दगडफूल जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. ‘लिथॉस’ म्हणजे दगड, म्हणून हे नाव. यातल्या सायना प्रजातीची अळी आपल्याच केसांचा जाळीदार पिंजरा विणते आणि कोष त्याच्या मधोमध लटकतो. पावसाळ्यात ओलसर भिंतींवर नीट बघा, एखादा सापडेल. जुन्या पुस्तकांत सायना शोधायला गेलात तर मिळणार नाही, तिथे ती बायझोन किंवा कायोनीमा आहे.

सिंटोमिनायची कहाणी जास्त मजेशीर. गांधीलमाशीसारखे दिसणारे, दिवसा फुलांवर बसणारे, काचेसारख्या खिडक्यांच्या पंखांचे पतंग तुम्ही पाहिले असतील, अमाटा प्रजातीचे. हॅम्पसनने त्यांना पहिल्या खंडातच सिंटोमिडी असं वेगळं कुळ दिलं होतं. पुढे जगभरातले सगळे गांधीलवेषधारी त्याच्याच आसपासच्या एका गटात जमा झाले, कधी अमाटिडी, कधी क्टेन्युकिडी. मग लक्षात आलं, की वेश एक असला तरी घराणी दोन आहेत. आपल्याकडचा अमाटा सिंटोमिनायमधला. भारतातच सापडणारा, तसाच गांधीलमाशीचा आव आणणारा युक्रोमिया पॉलिमेना मात्र आर्क्टिनायमधला, अमेरिकेतल्या क्टेन्युकांच्या जवळचा.

आणि असोटा? तो तुम्हाला ॲपवर हमखास टायगर मॉथच्या शेजारी दिसेल, अळी उंबरावर वाढते. हॅम्पसनकडे तो हिप्सिडीत, मग अगनायडी, मध्येच काहींनी आर्क्टिडीत टाकला. आता तो अगनायनीत, म्हणजे वर सांगितलेल्या शेजारच्या घरात.

आता तुमचा पतंग. आमच्या परसात दरवर्षी एरंड उगवतो आणि दरवर्षी त्यावर या अळ्या येतात. काळपट अंग, लांब राठ केस, बोट लावलं की कडबोळ्यासारखी गोल होऊन खाली पडते. एका पावसाळ्यात मी सात अळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वाढवल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून. सासूबाईंनी त्या बरणीत पुन्हा कधी लोणचं घातलं नाही. सातांतल्या दोन कोषांमधून पतंगाऐवजी माश्या निघाल्या, परजीवी. उरलेल्या पाचांचे पुढचे पंख राखाडी-तपकिरी, त्यावर कडी असलेले गडद ठिपके, तुमच्या फोटोत दिसतात तसेच. मागचे गुलाबी-लाल, काळ्या धब्ब्यांचे.

फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा नाव दिलं बॉम्बिक्स रिसिनी. तेव्हा जाडजूड केसाळ पतंग दिसला की तो बॉम्बिक्समध्ये जायचा, रेशमाच्या किड्याबरोबर. रिसिनी म्हणजे एरंडाचा. (एरी रेशमाच्या पतंगाच्या जातीचं नावही रिसिनीच आहे, पण तो सॅमिया, कूळच निराळं.) पुढे हा पेरिकॅलियात गेला. पण प्रत्येक प्रजातीचं नाव एका प्रमाण जातीला खुंटीसारखं बांधलेलं असतं, आणि पेरिकॅलियाची खुंटी आहे मॅट्रोन्युला, युरोप आणि उत्तर आशियातला मोठा टायगर मॉथ. आपला एरंडवाला त्याचा जवळचा नातेवाईक नाही, म्हणून पेरिकॅलिया हे नाव त्याला लागत नाही.

मग त्याचं स्वतःचं नाव? वॉकरने १८५५ मध्येच या गटासाठी एक नाव केलं होतं, ॲलोपी. पण ते त्याआधीच एका कोळंबीला दिलेलं निघालं. प्राण्यांत एकच प्रजातीनाव दोघांना चालत नाही, आधीचा मालक तोच खरा. म्हणून १९८० मध्ये वॉटसनने ॲलोपीच्या रोमन स्पेलिंगमधली पहिलं, तिसरं आणि पाचवं अशी तीन अक्षरं आलटून पालटून नवं नाव केलं, ओलेपा. बाकी काही अर्थ नाही त्याला. मला हे फार आवडतं. विद्वत्तेच्या ढिगाऱ्यात कुणीतरी शब्दकोडं सोडवल्यासारखं नाव ठेवून मोकळं झालं.

असं सगळीकडे आहे. लाल कडेचा पांढरा पतंग जुन्या यादीत अम्सॅक्टा लॅक्टिनिया, आता अलोआ लॅक्टिनिया. सोयाबीनवरची ती केसाळ अळी शेतीच्या पुस्तकांत डायाक्रिसिया ऑब्लिका, स्पायलोसोमा ऑब्लिका आणि स्पायलार्क्टिया ऑब्लिका अशा तीन नावांनी सापडते. कीटकनाशकाचं जुनं संशोधन शोधायचं असेल तर तिन्ही नावं टाकून बघावं लागतं. युरोपातही सुटका नाही, परासेमिया प्लांटाजिनिस २०१६ मध्ये आर्क्टिया प्लांटाजिनिस झाली. बघा, दुसरा शब्द मात्र सहसा हलत नाही. फार तर शेवटचा प्रत्यय प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतो. शोधताना त्या दुसऱ्या शब्दाला धरून राहा.

आणखी एक सोपी खूण. जातीच्या नावापुढे कर्त्याचं नाव आणि साल कंसात असेल, जसं ‘ओलेपा रिसिनी (फॅब्रिशियस, १७७५)’, तर समजायचं की मूळ कर्त्याने ती जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. कंस नसेल तर नाव जन्मापासून तेच. पुष्कळ लोक कंस सजावटीसारखे घालतात किंवा गाळतात, पण त्यात अख्खा इतिहास असतो.

शेवटी, तुम्ही नोंदवहीत काय लिहावं. एरेबिडी, आर्क्टिनी, आर्क्टिनाय, ओलेपा इथपर्यंत बिनधास्त लिहा. ‘रिसिनी’ लिहिताना मी थांबेन. ओलेपात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जाती आहेत, जुन्या काळी त्या सगळ्या रिसिनीच्याच खाती जमा व्हायच्या, आणि खात्री करायला नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. नुसता एरंडावर सापडला हा पुरावा नाही. या अळ्या केळीवर नि अळूवरही पोसतात. मी माझ्या पाचही पतंगांच्या चिठ्ठीवर ‘ओलेपा, जाती अनिश्चित’ असंच लिहिलंय, खाली तारीख, गावाचं नाव आणि ‘एरंड’.

तुमच्या फोटोत मागचा पंख झाकलेला आहे. पतंग अजून घरात असेल तर पुढचे पंख काडीने हलकेच सरकवून एक फोटो काढा, एक पोटाच्या बाजूने, आणि इथेच खाली टाका.