आणखी एक डिग्री नको

"ताई, टोरांटोजवळच्या एका पब्लिक लायब्ररीत मी सोळा वर्षं कॅटलॉगिंग करतेय. आता पुस्तकं तयार रेकॉर्डसकटच येतात, आमचा विभाग आकसत चाललाय. वय ४६. डेटा सायन्सच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय. दोन वर्षं, फी बचतीतून. ह्यांना पटत नाही, लेक म्हणते माझ्या कॉलेजचं काय, आणि डोंबिवलीला सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही."

जीव लावून केलेलं काम हातातून निसटताना बघणं सोपं नसतं. पण पुढच्या एका वाक्याचा मला राग आलाय, तेवढं आधी बोलते: "मला आता काहीच येत नाही, म्हणून शिकायलाच हवं."

काहीच येत नाही? कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची नावं, हे कॅटलॉगला कळावं म्हणून ऑथॉरिटी रेकॉर्ड कोण सांभाळतं? हॉस्पिटलांत, बँकांत, ऑनलाइन दुकानांत हाच गोंधळ आहे. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी, एकच वस्तू पाच नावांनी. तो निस्तरणाऱ्याला तिथे टॅक्सॉनॉमिस्ट, मेटाडेटा स्पेशालिस्ट, रेकॉर्ड्स मॅनेजर म्हणतात. जाहिरातींत 'लायब्रेरियन' शोधत बसाल तर ह्या जागा दिसायच्याच नाहीत. ऑनलाइन कुर्ता घेताना आपण साइझ, रंग, किंमत निवडत जातो ना? अशी पैलूंनी मांडणी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्येच कोलन क्लासिफिकेशन ह्या पुस्तकं वर्गवार लावण्याच्या पद्धतीत करून ठेवली होती. ती तुम्ही शिकलेल्या आहात.

आपल्या घरांत अडचण आली की पहिला उपाय ठरलेला: आणखी एक डिग्री. २००९ च्या मंदीत माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एमबीएला नाव घातलं, आणि घालायला लावणारी मीच होते. मुलाच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. शेवटी नोकरी मिळाली ती त्यांचं जुनं काम पाहिलेल्या एका माणसामुळे. एमबीएबद्दल त्याने विचारलंही नाही. मुलाचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. हे मी विसरू शकत नाही, म्हणून इतकं कळवळून लिहितेय.

तुम्ही पत्रात लिहिलंय, "रंगनाथनसुद्धा गणित सोडून लंडनला शिकायला गेलेच ना?" गेले, पण आधी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली, लंडनला जाऊन शिकणं ही त्या नोकरीचीच अट होती.

शिकू नका असं नाही. विस्कटलेल्या याद्या साफ करणारं ओपनरिफाइन आणि डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, थोडी शिका. लायब्ररी कार्पेन्ट्रीचे धडे ग्रंथालयातल्या लोकांसाठीच लिहिलेत, फुकट आहेत, संध्याकाळी घरी बसून होतात. मग एखादी विस्कटलेली यादी घ्या, महाराष्ट्र मंडळाच्या पुस्तकपेटीची का असेना, आणि ती स्वच्छ करा. आधीची आणि नंतरची, दोन्ही दाखवायला जवळ ठेवा. आणि बाहेर पडण्याआधी तुमच्याच पालिकेत विचारा. तिथल्या क्लार्कच्या ऑफिसात रेकॉर्ड्सचं काम असतं. तिकडे जागा मिळाली तर ओमर्सचं, म्हणजे ऑन्टारिओतल्या पालिका कर्मचाऱ्यांच्या योजनेचं, पेन्शनही बहुधा तुटणार नाही. पण ते एचआरकडून लेखी घ्या.

बाकीचं थोडक्यात. ह्यांच्यापुढे दोन वर्षांचा जमाखर्च कागदावर मांडा. त्यांचा विरोध तुम्हाला नसावा, आकड्यांना असावा. लेकीचं बरोबर आहे. सासूबाईंना रविवारच्या फोनवर स्वतः सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल.

डिपॉझिटची मुदत ह्या शुक्रवारी संपते म्हणता. संपू द्या. त्या संध्याकाळी बायोडेटा उघडा, 'कॅटलॉगर' हा शब्द खोडा, तिथे तुम्ही रोज काय काय करता ते लिहा आणि मला पाठवा. मी वाट बघतेय.