नेपियरच्या मुरघासात कल्चर टाकावे की मळी?

नेपियर या उंच चारा-गवताचा मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, करताना जीवाणूंचे कल्चर वापरावे की मळी (साखर कारखान्यात उरणारा दाट, गोड पाक), आणि प्रमाण किती ठेवावे, असे आपण विचारले आहे. नुसत्या कल्चरने नेपियर टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या थोरल्या बंधूंशी याच मुद्द्यावर माझा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कल्चर घातलेला आमचा मक्याचा मुरघास उत्तम झाला होता, त्यामुळे नेपियरलाही तेवढेच पुरेल असा बंधूंचा आग्रह होता. गवत कोवळे आणि रसरशीत होते; सकाळी कापून, दुपारच्या आत कुट्टी करून आणि कल्चर फवारून आम्ही ते खड्ड्यात दाबले. काही दिवसांतच तळातून तपकिरी पाणी झिरपू लागले. दोन महिन्यांनी खड्डा उघडला, तेव्हा खवट लोण्यासारखा उग्र दर्प आला, चारा हाताला बुळबुळीत लागला आणि गाईंनी गव्हाणीपासून मान फिरवली. कल्चरचे पाकीट जुने होते, असे बंधू आजही म्हणतात. पाकीट जुने नव्हते. त्यातल्या जीवाणूंना खायला साखर नव्हती. मक्यात ती भरपूर असते, पण उष्ण प्रदेशातल्या गवतांत विरघळणारी साखर कमी असते आणि त्यांचा साठा मुख्यतः स्टार्चच्या रूपात असतो, जो लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या बहुतेक जीवाणूंना वापरता येत नाही. त्यात कोवळ्या नेपियरमध्ये ८० टक्क्यांहून अधिक पाणी असले, की सामू (पीएच; तो जितका कमी, तितका चारा आंबट) वेळेत ४.२ पर्यंत उतरत नाही आणि चारा नासवणारे, ब्युटिरिक आम्ल करणारे जीवाणू माजतात.

पुढच्या वेळी मी कापलेले गवत आधी उन्हात सुकवले आणि १०० किलो चाऱ्याला ४ किलो मळी, फवारता येईल इतक्याच पाण्यात कालवून, थराथराला दिली. तो मुरघास गाईंनी चाटूनपुसून खाल्ला. सुकवणे टाळून मळी वाढवण्यात अर्थ नाही, कारण ओल्या चाऱ्यातली साखर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल, तर खड्डा भरूच नये.

मात्र पावसाळ्यात सुकवणे शक्य नसते. तेव्हा कोरडा कोंडा किंवा भरडलेला मका मिसळावा. मळीच्या जोडीला कल्चर देण्यासही माझी हरकत नाही. बंधू आता युरिया घालू म्हणतात. मक्याच्या मुरघासात तो चालतो, पण ओल्या नेपियरमध्ये त्याचा अमोनिया होऊन सामू उतरण्यास आणखी अडथळा येतो, म्हणून तो आपणही घालू नये.