मेथीची जुडी आणि वीस महिन्यांची मदतनीस

प्रश्न : ताई, माझी मुलगी २० महिन्यांची आहे. मी घरून काम करते, नवरा सकाळी लवकरची लोकल पकडतो तो थेट रात्री घरी. स्वयंपाक करताना ही सारखी पायात पायात येते म्हणून हातात मोबाईल देते आणि मग दिवसभर गिल्टी वाटत राहतं. इन्स्टावर बघावं तर बाकीच्या आया रोज काहीतरी नवीन करतायत, रंगवलेले तांदूळ काय, सेन्सरी बिन (हात घालून खेळायला तांदूळ-वाळू भरलेला टब) काय. दर महिन्याला घरी येणारा एक ॲक्टिव्हिटी बॉक्स आहे, बराच महाग आहे, पण घेऊन टाकावा का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : नका घेऊ. पैसे वर आले असतील तर गोष्ट वेगळी, पण मुलीचं डोकं मागे राहील या भीतीने तर अजिबात नको. त्या बॉक्समध्ये काय असतं, तर इथून उचलून तिथे ठेवणं, झाकण लावणं-काढणं, चिमटीत पकडणं, ओतणं, सारख्या वस्तूंच्या जोड्या लावणं, आणि हे सगळं तुमच्या ओट्याखालच्या कपाटात ऑलरेडी पडलंय. आपल्याकडे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघही त्यात आल्या, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हतीच, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे असं जे आसपास मिळेल त्यावर त्यांनी शिकवलं, आणि पुढे देशभर अंगणवाड्या आल्या त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. तुमच्या घरात तर मेथी आहे, कांदे-बटाटे आहेत, मोज्यांचा ढीग आहे.

आता ती पायात येते त्याचं. तिला मोबाईल नकोच असतो हो, तुम्ही जे करताय ते तिला करायचं असतं. कांद्या-बटाट्यांची पिशवी आणली की जमिनीवर ओता आणि एकेक उचलून टोपलीत टाकायला सांगा, ती दहा टाकेल, चार परत काढेल, एक घेऊन बेडरूममध्ये पळेल, चालतंय की. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाइन्समध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी असं म्हटलंय, आकडा ऐकून घाबरायला होतं पण हे वाकणं, उठणं, बटाटा घेऊन पळणं सगळं त्यातच धरायचं. मेथी निवडताना चार काड्या तिच्यापुढे टाका, ती पानं तोडणार नाही, फाडेल, आणि अर्धी तोंडात घालून थुंकेल, पण अंगठा आणि बोट वापरून फाडणं हाच बोटांचा व्यायाम आहे, पुढे बटण लावायला आणि पेन्सिल धरायला हीच बोटं लागणार. कणकेचा एक गोळा, छोटं पोळपाट. वॉशिंग मशीनमध्ये एकेक कपडा टाकणं (हे मुलांना भयंकर आवडतं, का ते देव जाणे). सांडलेलं पाणी पुसायला तिचं स्वतःचं एक फडकं.

सूचना द्यायच्या त्या एका वेळी एकच, "वाटी आण". हाताने न दाखवता हे तिला आता कळायला हवं. दोन वर्षांच्या आसपास "वाटी आण आणि आजीला दे" असं दोन टप्प्यांचं जमायला लागतं. मोज्यांच्या जोड्या लावणं मात्र अडीच-तीनच्या पुढचं काम आहे, आत्ता अपेक्षा ठेवू नका.

आणि एक खरं सांगते जे रील्समध्ये कुणी सांगत नाही, ही मदत वगैरे काही नसते, अर्ध्या तासाच्या कामाला तास लागतो आणि नंतर ओटा, फरशी आणि मूल तिन्ही पुसावं लागतं. म्हणून रोज सगळ्या कामात तिला घ्यायच्या भानगडीत पडू नका, एकच काम निवडा, ज्याच्यामागे ऑफिसचा कॉल नाहीये असं. बाकी वेळी खालचा एक कप्पा तिचा, त्यात स्टीलच्या वाट्या, झाकणं, पळ्या, होऊ दे ठणठणाट. फोडणी, तळण आणि कुकर उघडताना ती किचनच्या बाहेरच, यात तडजोड नाही. शेंगदाणे, चणे, कच्चे वाटाणे, कडधान्यं तिच्या हातात नकोत, नाकात जातात, घशात अडकतात. अख्खे दाणे तर चार वर्षांची होईपर्यंत खायलाही देऊ नका.

स्क्रीनचं म्हणाल तर त्याच गाईडलाइन्सप्रमाणे दोन वर्षांपर्यंत नाही आणि त्यानंतर पाच वर्षांची होईपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं बरं. पण एखाद्या दिवशी अंगात ताप आहे आणि तुम्ही वीस मिनिटं मोबाईल दिलात तर त्याने काही बिघडत नाही, गिल्टचा कुकर उतरवून ठेवा.

प्रश्न : नात दीड वर्षाची आहे. सून म्हणते तिला तिच्या हाताने जेवू द्या, पण अर्धा वरण-भात जमिनीवर जातो, पोट काय भरणार? मी भरवलं की दहा मिनिटांत ताट रिकामं. (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, तुमचं भरवणं बंद करा असं मी म्हणणार नाही, पण सूनबाईंचं बरोबर आहे. या वयात मूल चमचा अख्ख्या मुठीत धरतं आणि मनगट वळवता येत नाही म्हणून तोंडाशी येईपर्यंत घास पडतो, ते वळवणं सांडूनसांडूनच जमतं. एक जेवण तिच्या हाताने, दुपारचं वगैरे, खाली जुनी चादर टाकून, भात जरा घट्ट कालवून, पोळीचे छोटे तुकडे. मधूनमधून एखादा घास तुम्ही द्या. तोंड फिरवलं की बास, मागे ताट घेऊन फिरायचं नाही. पोट भरलं हे तिचं तिला कळतं, आणि दहा मिनिटांत ताट रिकामं झालं म्हणजे भूक तेवढीच होती असंही काही नाही.

प्रश्न : मुलगा २३ महिन्यांचा. बाबा, आई, भू, नाना असे पाच-सहा शब्द बोलतो. घरी मराठी, सांभाळणाऱ्या ताई हिंदी बोलतात. सासरे म्हणतात दोन भाषांमुळे गोंधळलाय, आईचं म्हणणं मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा तर तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. जिभेला वेखंड लावायचाही सल्ला आलाय. (एक आई, नागपूर)

उत्तर : वेखंड नको. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हेही खरं नाही, मात्र शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोजा, तो ताईंना "पानी" म्हणत असेल तर तोही धरा. दोन वर्षांच्या सुमारास साधारण पन्नासेक शब्द आणि "पाणी दे", "बाबा गेला" अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी, त्यामानाने पाच-सहा कमी आहेत. बाबा तीनला बोलला म्हणून हाही बोलेल, बोलेलही, पण त्या भरवशावर वर्ष घालवू नका. याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी नीट करून घ्या, टाळी वाजवली की बघतो म्हणजे नीट ऐकू येतं असं नसतं, मोठे आवाज कळतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात असंही होतं. बोट दाखवून वस्तू मागतो का, नावाने हाक मारली की वळतो का, आधी येणारे शब्द गेलेत का, हे डॉक्टर विचारतीलच, आधीच बघून ठेवा. खासगी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांमध्ये जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं.

तोवर घरी काय, तर अंघोळ, कपडे, चपला या रोजच्याच गोष्टींत बोला. रोज त्याच क्रमाने तेच शब्द आले की पुढे काय येणार ते मुलाला आधीच कळतं आणि मग तिथे त्याला शब्द टाकायला जागा मिळते. म्हणून बोलून झालं की थांबा. "आता पायात घालूया..." आणि गप्प, चप्पल हातात धरून त्याच्याकडे बघत बसा. आपल्याला ती चार-पाच सेकंदांची शांतता सहन होत नाही, आपणच "चप्पल!" म्हणून मोकळे होतो. तो नुसतं "प्प" म्हणाला तरी द्या चप्पल. "भू" म्हणाला तर "हो, भू पळाला" असं एखादा शब्द वाढवून परत द्या. आणि ते "हे काय? ते काय? काकांना सांग बरं काय आहे" बंद, मूल आहे, तोंडी परीक्षा नाही. ताईंनाही सांगा, त्यांनी हिंदीतच पण भरपूर बोलायचं, मोडकंतोडकं मराठी बोलायची गरज नाही.

प्रश्न : दोन वर्षांची लेक बाथरूममधून बाहेरच येत नाही, मग ओढून आणावं लागतं. (एक बाबा, पुणे)

उत्तर : पाण्याचा मग आणि लोटी घेऊन या मगातलं त्या लोटीत ओतणं तिचं तिथे जोरात चालू असणार, पाच-सात मिनिटं मनसोक्त करू द्या. "पाच मिनिटांत बाहेर" म्हणून उपयोग नाही, दोन वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत. "अजून तीन मग पाणी, नंतर टॉवेल" असं सांगा, मोठ्याने मोजा आणि तिसऱ्यानंतर खरंच थांबा, पहिले काही दिवस भोकाड पसरेल. टॉवेल तिलाच आणायला लावा, बाहेर पडायला तेवढं कारण पुरतं. तोपर्यंत तुम्ही तिथेच, फोन आला तरी, कारण अर्ध्या बादलीतही या वयाचं मूल डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. अंघोळ झाली की बादली रिकामी करून उपडी ठेवा आणि बाथरूमला बाहेरून कडी.