आंबोलीच्या १० किलोमीटर परिसरात कोणते बेडूक आणि साप नोंदले गेले आहेत, हे ऑनलाइन डेटाबेसवर ठिकाणानुसार कसे शोधायचे?

तुमची अडचण अशी दिसते: आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टिपलेल्या निसर्गनोंदींचे संकेतस्थळ) ‘आंबोली’ टाकले की मुंबईच्या नोंदी येतात, आणि जीबिफवर (जगभरच्या जीवनोंदी एकत्र करणारे जाळे) सिंधुदुर्ग जिल्हा निवडला तर यादी कुठे फुगलेली, कुठे अपुरी वाटते. दोन्हीचे कारण एकच, जागा नावाने शोधली जाते आहे. अंधेरीतही आंबोली आहे आणि ठिकाणाच्या रकान्याखाली येणाऱ्या सूचनांत ती सहज वर येते. जिल्ह्याची गंमत वेगळी. आंबोली सावंतवाडी तालुक्याच्या अगदी काठावर आहे, त्यामुळे १० किलोमीटरच्या वर्तुळाचा एक भाग कोल्हापूर जिल्ह्यात जातो. ‘सिंधुदुर्ग’ निवडले की तो भाग गळतो आणि त्याऐवजी मालवण-देवगडची किनारपट्टी यादीत घुसते. तेव्हा नाव सोडा, अक्षांश-रेखांश धरा.

गूगल मॅप्सवर आंबोली गावावर बोट दाबून ठेवले की दोन आकडे दिसतात, साधारण १५.९६ आणि ७४.००. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. जुन्या अहवालातून किंवा टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) आकडे घेत असाल तर ते अंश-मिनिटांत असतील. १५ अंश ५७ मिनिटे म्हणजे १५.९५, १५.५७ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे असते. हे विसरलात तर शोध सुमारे ४२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि आंबोलीऐवजी गोव्यात डिचोलीच्या आसपासचे बेडूक मिळतात. ती यादीही पश्चिम घाटाचीच असल्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. दशांशानंतर दोन आकडे दिले तर अचूकता साधारण एक किलोमीटरची, चार दिले तर दहा-अकरा मीटरची. इथे दोन पुरेत. आणि सगळीकडे आकडे इंग्रजी अंकांतच टाका.

आयनॅचरलिस्टवर एक्सप्लोअर पान उघडा. नकाशा हाताने आंबोलीवर आणून ‘रीडू सर्च इन मॅप’ दाबले की पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीतल्या नोंदी येतात. नेमके १० किलोमीटर हवे असतील तर ब्राउझरमधला पत्ता हाताने बदलणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. ऑब्झर्वेशन्स पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग इंग्रजी छोट्या अक्षरांत तीन जोड्या (‘बरोबर’ म्हणजे = हे चिन्ह): एल-ए-टी बरोबर १५.९६, एल-एन-जी बरोबर ७४.००, आणि रेडियस बरोबर १०. प्रत्येक दोन जोड्यांमध्ये & हे चिन्ह, मध्ये कुठेही मोकळी जागा नको. त्रिज्या किलोमीटरमध्ये मोजली जाते. मग प्रजातीच्या रकान्यात ‘अ‍ॅम्फिबिया’ निवडा. फक्त ‘अनुरा’ निवडलेत तर बेडूक येतात, पण देवगांडूळ (बिनपायांचे उभयचर) सुटतात, आणि घाटात ते सोडून चालणार नाही. सापांसाठी ‘सर्पेन्टेस’. वर ‘स्पीशीज’ टॅब दाबला की प्रजातीवार यादी आणि प्रत्येकीच्या नोंदींची संख्या मिळते.

आता यादी वाचायची कशी, कारण खरी फसगत इथे होते. नकाशावर दिसणारा ठिपका म्हणजे प्राणी दिसलेली जागा, असे धरून चालू नका. धोक्यात आलेल्या बऱ्याच प्रजातींचे ठिकाण आयनॅचरलिस्ट मुद्दाम झाकते. ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे आपल्याकडे साधारण २२ बाय २१ किलोमीटरच्या पट्ट्यात, ठिपका कुठेही टाकलेला असतो. तारीखही फक्त महिन्यापुरती दिसते. परिणाम दुहेरी होतो: आंबोलीत टिपलेला प्राणी तुमच्या वर्तुळाबाहेर पडू शकतो आणि दूरवरचा प्राणी आत येऊ शकतो. आंबोली टोडसारखी प्रजाती, २००९ मध्ये वर्णन झालेली आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त, तुमच्या यादीत दिसली नाही तर घाईने निष्कर्ष काढू नका. अशा प्रजातींसाठी त्रिज्या ३० किलोमीटर करून वेगळा शोध घ्या, मग एकेक नोंद उघडून ठिकाण झाकलेले आहे का ते पाहा. नोंदीच्या पानावर तसा स्पष्ट उल्लेख असतो.

झाकलेले नसले तरी अचूकतेचा आकडा पाहाच. कुणी फोटो टाकताना नुसते ‘सावंतवाडी’ निवडलेले असते, मग ठिपका गावाच्या मध्यावर बसतो आणि अचूकता दाखवते कित्येक हजार मीटर. पत्त्यात एसीसी, खालची रेघ, बिलो बरोबर १००० (acc_below=1000) अशी जोडी घातली की एक किलोमीटरपेक्षा जास्त अनिश्चितता असलेल्या नोंदी गळतात. मात्र आधी गाळणीशिवाय यादी काढा, मग गाळणी लावून, आणि दोन्ही शेजारी ठेवा. उलट क्रमाने केले तर काय गळले हे कळतच नाही.

‘रिसर्च ग्रेड’ची (इतर वापरकर्त्यांनी ओळख पक्की केलेल्या नोंदी) गाळणी बेडकांच्या बाबतीत जपून वापरा. मलबार ग्लायडिंग फ्रॉग फोटोवरून कुणीही ओळखेल, मलबार पिट वायपर हा सापही. पण राओर्चेस्टेस, इंडिराना, मिनर्व्हार्या या वंशांमधले अनेक बेडूक फोटोवरून प्रजातीपर्यंत नेता येत नाहीत, आवाज किंवा जनुकीय तपासणी लागते. त्या नोंदी वर्षानुवर्षे ‘नीड्स आयडी’मध्ये (ओळख बाकी) पडून राहतात. त्यामुळे रिसर्च ग्रेडची यादी ही ‘ओळखायला सोप्या’ प्रजातींची यादी असते. दोन्ही प्रकार बघा आणि संशयास्पद नावे वेगळ्या रंगात ठेवा.

जीबिफवर यायचे कारण म्हणजे तिथे संग्रहालयांतले जुने नमुने आणि संशोधकांचे डेटासंच आहेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याचे सचिवालय कोपनहेगनला आहे. आयनॅचरलिस्टच्या नोंदीही तिथे पोचतात, पण फक्त रिसर्च ग्रेडच्या आणि परवाना खुला असलेल्या. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत आणि दोन्हींची बेरीज तर करूच नका, तीच नोंद दोनदा मोजली जाते.

तिथे ऑकरन्सेसमध्ये (नोंदींचे पान) लोकेशनची गाळणी उघडली की नकाशावर चौकोन काढता येतो किंवा आकडे लिहिता येतात. आंबोलीच्या अक्षांशावर १० किलोमीटर म्हणजे उत्तर-दक्षिण ०.०९ अंश आणि पूर्व-पश्चिम ०.०९ पेक्षा किंचित जास्त. म्हणजे चौकट १५.८७ ते १६.०५ आणि ७३.९१ ते ७४.०९. हाताने बहुभुज लिहिताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, इथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, गूगलच्या बरोबर उलट. अदलाबदल झाली की चौकट पृथ्वीच्या भलत्याच टोकाला जाते आणि बेडूक शून्य. दुसरी, कोपरे घड्याळाच्या उलट दिशेने द्यायचे: नैर्ऋत्य, आग्नेय, ईशान्य, वायव्य आणि शेवटी पुन्हा नैर्ऋत्य. घड्याळाच्या दिशेने दिलेत तर चौकटीबाहेरचे सगळे जग असा अर्थ लागू शकतो. परिणामांचा आकडा कोटींत दिसला की हेच झाले आहे असे समजा.

‘रेप्टिलिया’ टाकून जवळजवळ काहीच आले नाही तर ‘स्क्वामाटा’ टाकून पाहा. जीबिफच्या वर्गीकरणात सरपटणाऱ्या प्राण्यांचे गट वेगळे धरले गेले आहेत. स्क्वामाटात पाली-सरडेही येतील, ते कुळाच्या नावावरून वेगळे करा.

अनिश्चिततेची गाळणी जीबिफवरही आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ज्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे ती नोंदही गळते. जुने नमुने आणि ई-बर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या संकेतस्थळावरच्या नोंदी त्यातच जातात. म्हणून मी गाळणी न लावता डेटा उतरवून घेतो आणि नंतर तक्त्यात छाननी करतो. अनिश्चितता ३० हजार मीटरच्या आसपास दिसली तर ती बहुधा आयनॅचरलिस्टने झाकलेली नोंद असते.

डाउनलोडसाठी मोफत खाते लागते. नुसती यादी हवी असेल तर ‘स्पीशीज लिस्ट’, एकेक नोंद हवी असेल तर ‘सिंपल’. सिंपलची फाइल सीएसव्ही म्हणून येते, पण तिच्यात स्वल्पविरामाऐवजी टॅब असतात. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की सगळे एकाच रकान्यात कोंबले जाते. एक्सेलच्या डेटा मेन्यूतून मजकुराची फाइल म्हणून आत घ्या, टॅब आणि यूटीएफ-८ निवडा. डाउनलोडसोबत डीओआय क्रमांक (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, अहवालात तोच द्यायचा.

आता चौकटीत कधीच न सापडणाऱ्या नोंदी. जुन्या नमुन्यांना अनेकदा अक्षांश-रेखांश नसतातच, चिठ्ठीवर फक्त गावाचे नाव असते. ते शोधायला लोकॅलिटीच्या रकान्यात मजकूर टाका: आंबोली, सावंतवाडी, आणि ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ असलेली सावंतवाडीची स्पेलिंगेही. जिल्हा म्हणून ‘रत्नागिरी’ तपासायला विसरू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये त्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या चिठ्ठीवर सिंधुदुर्ग असणार कुठून? राज्याच्या जागी ‘बॉम्बे’ही सापडेल.

वर्तुळाला उंची कळत नाही, हेही लक्षात घ्या. आंबोली सुमारे ७०० मीटरवर, आणि त्याच दहा किलोमीटरमध्ये घाटाखालची कोकणपट्टीही येते. यादीतला एखादा साप ‘आंबोलीचा’ म्हणण्याआधी त्याचा ठिपका भूरूप दाखवणाऱ्या नकाशावर बघा. ठिपके रस्त्याकडेला दाट आणि पावसाळ्यात जास्त असतील, कारण बेडूक बघायला लोक तेव्हाच जातात. मार्च-एप्रिलची रिकामी जागा प्राण्यांपेक्षा माणसांबद्दल जास्त सांगते.

पुढे पक्ष्यांची यादी करणार असाल तर ई-बर्डवर हॉटस्पॉट (पक्षी बघायची सामायिक जागा) शोधा. तिथे आठवड्यागणिक बारचार्ट मिळतो. मात्र चालत केलेल्या पाच किलोमीटरच्या यादीतले सगळे पक्षी एकाच ठिपक्यावर बसवलेले असतात, तेव्हा अमुक पक्षी अमुक ओढ्यापाशी आहे असे त्यावरून म्हणता येणार नाही.