आधी पटाशीला धार लावायला शिक

सुतारकाम शिकायचंय ना, मग टेबल-खुर्ची बनवायचा नाद सध्या सोड. एक चांगली पटाशी, म्हणजे लाकूड तासायची सपाट पात्याची छिन्नी, घे आणि धार लावायला शिक. साधारण 25 अंशांचा उतार आणि टोकाला 30 अंशांची बारीक कड पुरते. मागची बाजू मात्र आरशासारखी सपाट हवी. नव्या पटाशीची ती सहसा तशी नसते. लाकडाच्या आडव्या कापावरून पातळ सलग साल निघाली की धार लागली समज. भुसा पडत असेल तर परत दगडावर.

मग कूस आणि खाच यांचा सांधा: कूस म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, खाच म्हणजे ती बसवायला दुसऱ्या लाकडात कोरलेलं भोक. कुशीची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश ठेव, म्हणजे 18 मिमीच्या फळीला 6 मिमी. आखणी पेन्सिलीने नको, धारदार सुरीने कर. त्या चिरेत पटाशी आपोआप बसते. करवत रेषेच्या टाकाऊ बाजूनेच चालव. कूस हाताच्या दाबाने आत जायला हवी. हातोड्याने ठोकावी लागली तर खाचेची भिंत फुटते, आणि सैल कूस गोंद भरून सुधारत नाही, कोणी काहीही सांगो.

रुंद फळी चौकटीत सगळीकडून गोंदाने जखडू नकोस. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचा सांधा, नंतर बघू.