हेरखात्यातून सिनेटमध्ये : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एलिसा स्लॉटकिन ह्या अमेरिकन सिनेटरवर चार ओळी लिहिल्या होत्या, सीआयएतून, म्हणजे अमेरिकेच्या हेरखात्यातून, राजकारणात आलेली डेमोक्रॅट पक्षाची बाई म्हणून, आणि त्यावर इतके मेल आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय.

प्रश्न : ताई, गुप्तहेर म्हटलं की आम्हाला वेषांतर आणि पाठलागच आठवतो. ही बाई नक्की काय काम करायची आणि तिथून निवडणुकीला कशी काय उभी राहिली? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, गल्लत त्या "हेर" शब्दातच होते. सीआयएत काही लोक बाहेर जाऊन बातमी काढतात आणि काही जण आलेल्या बातम्या चाळून त्याचा अर्थ लावतात, त्यांना अ‍ॅनालिस्ट म्हणतात. स्लॉटकिन दुसऱ्या गटातली. टेबलावर ढीगभर कागद, त्यात अर्धे एकमेकांच्या विरोधात जाणारे, आणि त्यातून वरच्या माणसाला दोन पानात सांगायचं की काय होऊ शकतं, त्याला आवडो न आवडो.

११ सप्टेंबर २००१ ला ती न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत पुढचं शिक्षण घेत होती, क्लासेस सुरू होऊन जेमतेम दुसरा दिवस. त्या दिवसानंतर तिने सीआयएची वाट धरली. अरबी येत होती, तीन वेळा इराकला पोस्टिंग झालं, लष्कराबरोबर राहून तिथल्या शिया मिलिशियांचा, म्हणजे सशस्त्र टोळ्यांचा अभ्यास केला. मग व्हाइट हाऊसमध्ये इराकचं काम, आधी बुश आणि नंतर ओबामा, म्हणजे दोन उलट्या पक्षांच्या अध्यक्षांच्या हाताखाली. शेवटी पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्यात, २०१७ च्या जानेवारीपर्यंत.

आणि निवडणुकीचं कारण ऐकाल तर त्यात हेरगिरीचा संबंधच नाही. तिच्या आईला २००९ मध्ये ओव्हरीचा कॅन्सर निघाला तेव्हा आईकडे हेल्थ इन्शुरन्स नव्हता, २०११ मध्ये आई गेली. मे २०१७ मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मोडीत काढायचं बिल हाऊसमध्ये (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) पास झालं आणि तिच्या भागाचा रिपब्लिकन खासदार माईक बिशप व्हाइट हाऊसच्या बागेत हसऱ्या चेहऱ्याने उभा असलेला तिने टीव्हीवर पाहिला. तोवर ती मिशिगनमध्ये हॉली गावी घरच्या शेतावर परत आली होती. तिथूनच उभी राहिली आणि २०१८ ला त्याच बिशपला हरवलं, ते पण २०१६ ला ट्रम्पनी जिंकलेल्या मतदारसंघात. मला तिच्या सगळ्या करिअरमधली हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, कारण आईच्या उशाशी बसून इस्पितळाची बिलं मोजणं काय असतं ते आपल्यापैकी कितीतरी जणांनी भोगलंय.

प्रश्न : ताई, २०२४ ला सिनेटच्या (वरच्या सभागृहाच्या) निवडणुकीत आमच्या घरात मतं फुटली, मी स्लॉटकिनला दिलं आणि नवऱ्याने तिच्या विरोधातल्या रिपब्लिकन रॉजर्सना. तो म्हणतो हेरखात्याच्या माणसांनी राजकारणात येऊच नये, इराकच्या वेळी सीआयएने काय दिवे लावले ते जगाने बघितलंय. तुम्हाला काय वाटतं? (ट्रॉय, मिशिगन)

अगं, तुमच्याच घरात नाही, अख्ख्या राज्यात तसंच झालं. साधारण ५५ लाख मतांत फरक फक्त १९ हजारांचा, त्याच दिवशी ट्रम्पनी मिशिगन जिंकलं आणि ही पण जिंकली. आणि तुझ्या नवऱ्याला एक सांग, माईक रॉजर्स स्वतः एफबीआयमध्ये, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास खात्यात होते आणि पुढे हाऊसच्या इंटेलिजन्स कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरक्षा खात्यातलंच माणूस उभं होतं.

पण त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. २००२ च्या गुप्तचर अहवालात सद्दामकडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत असं ठामपणे लिहिलं होतं, युद्ध झालं, माणसं मेली, आणि नंतर शोधून शोधून असे साठे सापडलेच नाहीत. स्लॉटकिन त्या अहवालानंतर खात्यात आली, पण त्या चुकीची किंमत लोक कशी मोजतात ते तिने इराकमध्ये राहून पाहिलंय.

म्हणूनच मला ३ जानेवारी २०२० महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी पहाटे बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणचा लष्करी सेनापती कासिम सुलेमानी ह्याला ड्रोनने मारलं. ज्या मिलिशिया तिने वर्षानुवर्षं अभ्यासल्या त्यांना बळ देणारा हाच माणूस, त्यांच्या हल्ल्यात अमेरिकन सैनिक मेलेले तिला माहीत होते, त्यामुळे तिने त्याच्यासाठी एक अश्रू ढाळला नाही. पण तिने जाहीरपणे लिहिलं की सुलेमानीचं काय करायचं ह्या चर्चांना मी स्वतः बसलेली आहे, आणि दोन्ही पक्षांचे अध्यक्ष थांबले ते एकाच प्रश्नावर, की ह्याला मारल्यावर जो बदला घेतला जाईल आणि जे लांबलचक युद्ध गळ्यात पडेल ते परवडणार आहे का. आणि नुसतं लिहून थांबली नाही, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या परवानगीशिवाय इराणशी लढाई नको असा ठराव हाऊसमध्ये तिच्याच नावावर आला आणि ९ जानेवारीला २२४ विरुद्ध १९४ ने पास झाला. हेरखात्यातलं माणूस युद्धाची घाई करेल ही आपली भीती, इथे तिनेच ब्रेक दाबला.

त्याच्या आधीचा महिना पण आठव. १६ डिसेंबर २०१९, रॉचेस्टरच्या ओकलंड युनिव्हर्सिटीत सभा, हिने सांगितलं की मी ट्रम्पवरच्या महाभियोगाच्या बाजूने मत देणार. काही जण उभे राहून टाळ्या वाजवतायत, काही जण घोषणा देऊन बोलू देत नाहीयेत, आणि ही तशीच उभी राहून आपण कागद कसे वाचले आणि निर्णयावर कशा आलो ते सांगतेय. खात्यात असताना बंद खोलीत साहेबाला सांगायचं ते इथे चिडलेल्या शेजाऱ्यांना तोंडावर सांगावं लागलं. सीट जाईल असं तेव्हा खूप जणांना वाटलं होतं, २०२० ला ती परत निवडून आली. तुमच्या ह्यांना ही सभा जरूर सांग.

प्रश्न : आपले अजित डोवाल पण तसेच ना? (पुणे)

नाही हो. डोवाल २००४-०५ मध्ये आयबीचे, म्हणजे आपल्या देशांतर्गत गुप्तचर खात्याचे प्रमुख होते, २०१४ पासून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आहेत, २०१९ ला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला, पण ते कधी निवडणूक लढलेले नाहीत. खासदार नसल्यामुळे संसदेत उभं राहून उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर येत नाही. आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर सत्यपाल सिंह, मुंबईचे पोलीस आयुक्त असताना २०१४ ला राजीनामा दिला आणि काही महिन्यांत बागपतचे खासदार झाले, पण ते पोलिसातले. मला स्वतःला मनापासून वाटतं की ज्याच्या हातात देशाची गुपितं आहेत त्याला लोकांनी प्रश्न विचारायची काहीतरी सोय हवी, आणि मत मागायला दारात यावं लागणं ही त्यातली सगळ्यात जुनी सोय.

प्रश्न : ताई मी टीवायला आहे, मला आयबीत जायचंय आणि नंतर राजकारणात. जमेल का? (नाशिक)

जमेल रे. ग्रॅज्युएशन झालं की एसीआयओची, म्हणजे आयबीतल्या अधिकारी पदाची परीक्षा देता येते, गृह मंत्रालय जाहिरात काढतं, नाहीतर यूपीएससी देऊन आयपीएस आणि तिथून डेप्युटेशनवर. मात्र दोन गोष्टी आत्ताच समजून घे. नोकरीत असेपर्यंत राजकारणाचं नाव काढायचं नाही. आणि निवृत्तीनंतरही तोंडाला कुलूप राहतं, २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदललेत, खात्याच्या कामाबद्दल काहीही छापायचं तर आधी परवानगी, नाहीतर पेन्शनवर गदा. सीआयएतून बाहेर पडलेल्यांनाही आपलं लिखाण आधी खात्याला दाखवावं लागतं. म्हणजे उद्या नाशिकमध्ये प्रचाराला उभा राहशील तेव्हा आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम लोकांना सांगताच येणार नाही, मग वॉर्डातल्या पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल तुला काय कळतं ह्यावरच ते तुला मोजतील. तेव्हा एसीआयओचा अभ्यास कर आणि बरोबरीने तुझ्या भागातल्या चार सभांना जाऊन मागच्या रांगेत बसून ऐकायला सुरुवात कर.