देशाची निम्मी वीज हरित झाली म्हणतात, मग कोळसा का जळतोय? आणि मराठवाड्यातला शेतकरी सौरवर नाराज का?

मी कळंब-केज पट्ट्यात विजेची कंत्राटं घेतो. लाईन ओढणं, डीपी उभा करणं आणि अलीकडे घरांवर सोलरच्या प्लेटा बसवणं. धोरण दिल्लीत ठरतं, माझ्याकडे त्याचं शेवटचं टोक येतं. तिथून जे दिसतं ते सांगतो.

आधी ते 'निम्मी'. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू न जाळणाऱ्या क्षमतेचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात सौर आणि पवनासोबत मोठी धरणं आणि अणुऊर्जाही धरलेली आहे. जून २०२५ अखेर देशाची एकूण क्षमता ४८५ गिगावॅटच्या आसपास होती आणि तिच्यातला निम्मा वाटा या गटाचा झाला. ही बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे बसवलेली यंत्रं, तयार झालेली वीज नव्हे. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १७ लाख युनिट देतो. तेवढाच कोळशाचा संच ७० टक्के भाराने चालला तर ६१ लाख देतो. म्हणून यंत्रं निम्मी-निम्मी असली, तरी देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांतली जवळपास तीन अजून कोळशाचीच आहेत.

दुसरी अडचण वेळेची. एका ३३/११ केव्ही उपकेंद्राला लागून तीन मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. डिसेंबरात दुपारी एक वाजता तिथल्या पॅनेलसमोर उभं राहिलात तर सौरकडून येणारा अँपिअरचा काटा दीडशेच्या जवळ दिसतो. शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणारी वाहिनी, तेव्हा जोरात असतो, हरभऱ्याला तुषार लागलेले असतात, ज्वारीला पाणी चाललेलं असतं. साडेपाचला तोच काटा दहा-वीसवर येतो. आणि नेमकं त्याच वेळी गावठाणाचा फीडर चढायला लागतो: घराघरातले दिवे, पिठाची गिरणी, टीव्ही, पाण्याच्या मोटारी. ऑपरेटर म्हणतो, "दुपारी आमाला वीज जास्त होते, दिवेलागणीला परळीकडं तोंड करून बसावं लागतं." परळीला कोळशावरचं वीज केंद्र आहे. देशाचा भार सांभाळणाऱ्यांची अडचण हीच आहे, फक्त आकडे मोठे. संध्याकाळची मागणी भागवायला कोळशाचे संच लागतात, आणि असा संच दुपारी पार बंद करून सहाला झटकन सुरू करता येत नाही. तो कमी भारावर धगधगत ठेवावा लागतो.

पण म्हणून परळीवर कायम विसंबावं, असंही नाही. २०१५ च्या दुष्काळात पाणीच नव्हतं म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणलं. ज्या मुलखात प्यायला पाणी नाही तिथे वाफेवर वीज करायची, हा हिशेब आमच्या लोकांना कुणी शिकवावा लागत नाही. प्लेट धुण्यापुरतं पाणी लागतं, बस्स. सौरच्या बाजूने मराठवाड्यात यापेक्षा मोठा मुद्दा मला दिसत नाही.

आता नाराजीचं. राज्यात सौरचे दोन रस्ते आहेत आणि लोक ते एकात मिसळतात. एक, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. म्हणजे मोटर ठरते जमिनीच्या उताऱ्यावर. पण मोटरवरचा ताण ठरतो पाणी किती खोल आहे त्यावर! दोन एकरवाल्याचा बोअर पाचशे फुटांवर गेलेला असला तर तीन एचपीची धार करंगळीएवढी पडते, ढग आला की तीही तुटते. नवीन जोडणी मागायला गेलं की सौरचाच अर्ज पुढे सरकवला जातो, म्हणून राग जास्त. विहीर असलेले, ठिबकवाले मात्र खूश आहेत, हेही सांगायला हवं.

दुसरा रस्ता म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, आणि माझ्या मते सगळ्या धोरणात डोकं लावून केलेली गोष्ट हीच. शेतकऱ्याच्या वावरात काही बसवायचं नाही. उपकेंद्राजवळ प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज दिवसा शेतीच्या फीडरला द्यायची. या योजनेतला पहिला प्रकल्प आपल्याच भागात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, तीन मेगावॅटचा सुरू झाला. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ऊन असतं तेव्हाच पाणी द्यायचं, म्हणजे संध्याकाळचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. आठवडाभर दिवसाची आणि आठवडाभर रात्रीची लाईट ज्याने काढली आहे, थंडीत विंचूकाट्यात दारं धरली आहेत, त्याला याची किंमत विचारा. धोका आहे तो जमिनीखालच्या पाण्याला. दिवसभर फुकट वीज मिळाली की आणखी एक बोअर आणि आणखी दोन एकर ऊस, हे आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि योजनेत त्याला लगाम नाही.

तारांचा प्रश्न वेगळाच. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, मोठ्या दाबाची वाहिनी उभी करायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, कारण प्रत्येक मनोऱ्याखाली कुणाचं तरी शेत असतं. केंद्राने जून २०२४ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या दुप्पट आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद चांगला आहे. पण मूल्यांकन कोणत्या दराने, यावरून बांधावर भांडणं होतातच. पवनचक्क्यांत तर पैशाभोवती दलाल आणि गुंड जमले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तिच्या मागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण निघालं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दिल्लीतल्या कुठल्याही आराखड्यात या अडथळ्याचा रकाना नसतो.

साठवण हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांत क्षमतेच्या १० टक्के, दोन तासांची साठवण घालायला सांगितलं. सुरुवात म्हणून ठीक, पण दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंतचा भार त्यात भागत नाही. पाणी वर चढवून ठेवणारे उदंचन प्रकल्प मुख्यतः सह्याद्रीत होणार. आमच्या पैठणला धरणाच्या पायथ्याशी बारा मेगावॅटचा उलटा फिरणारा संच बसवलेला आहे खरा, पण त्या धरणाच्या जलाशयात, नाथसागरात, पाणी आहे का, यावर आमच्याकडे सगळं अडतं. मला विचाराल तर बॅटऱ्या राजस्थानच्या वाळवंटापेक्षा आधी या लहान प्रकल्पांच्या उपकेंद्रांत याव्यात. तीन मेगावॅटच्या प्रकल्पाला चार-पाच हजार युनिटांची बॅटरी जोडली तर आसपासच्या गावांची संध्याकाळ निघते आणि नवी वाहिनीही ओढावी लागत नाही.

अडतं ते पैशावर. साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज एप्रिल २०२४ पासून मोफत आहे आणि बिल राज्य सरकार भरतं. वाहिनी योजनेतली सौर वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, त्यामुळे सरकारचा हा बोजा हलका होतो, योजनेचा खरा हिशेब तोच आहे. पण त्यात बॅटरी घातली की दर चढतो. तो उद्योगांवर टाकावा तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे कारखानदार स्वतःच्या छपरावर प्लेटा टाकून वीज कंपनीकडून कमी वीज घेतात, आणि बिल वेळेवर भरणारं गिऱ्हाईक जातं. मोफत विजेची घोषणा मार्च २०२९ पर्यंतचीच आहे, ५०० गिगावॅटची मुदत २०३० ची. बॅटरीचा खर्च कुणाच्या बिलात घालायचा, हे त्याआधी ठरवावं लागेल.